सत्तेबाहेरची पन्नास वर्षं: सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं प्रकरण

२००४ सालातले जवळपास दहा महिने महाराष्ट्राचे मुख्यमंत्री सोलापूरचे होते आणि उपमुख्यमंत्री अकलूजचे. सुशीलकुमार शिंदे आणि विजयसिंह मोहिते-पाटील. एका जिल्ह्याच्या वाट्याला एवढी सत्ता क्वचितच येते. त्याच विधानसभेत या जिल्ह्याचे आणखी एक आमदार बसत होते. ते या दोघांच्याही आधी, १९६२ सालीच निवडून आले होते. दोनदा मंत्री झालेले होते, पण त्या वेळी सत्तेबाहेर होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. तालुक्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते आबासाहेब.

मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवतो. जिल्ह्याच्या राजकारणावर प्रकल्प करायला सांगितलं की मुलं शिंदेसाहेबांवर लिहितात. कोर्टातल्या शिपायाच्या नोकरीपासून केंद्रीय गृहमंत्रिपदापर्यंतचा प्रवास कुणालाही लिहावासा वाटेल असाच आहे. मी मात्र दर वर्षी दोन-तीन मुलांना सांगोला देतो. प्रश्न एकच असतो: ज्याच्या हातात बहुतेक काळ सत्ता नव्हती, त्या आमदाराला एका दुष्काळी तालुक्यानं अकरा वेळा का निवडून दिलं, आणि त्याची तालुक्याला काय किंमत मोजावी लागली? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मुलं बहुधा टाळतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

आधी तालुका समजून घ्यावा लागतो. सांगोला जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एका महिन्यात पडेल आणि पुढचे दोन महिने तोंड दाखवणार नाही असा. माण आणि कोरडा या इथल्या नद्या. कोरडाचं नावच सगळं सांगतं. पूर्वेला पंढरपूर, तिथे भीमा. उत्तरेला माळशिरस, तिथे नीरा उजव्या कालव्याचं पाणी आणि ऊस. सोलापूर जिल्ह्याचं राजकारण या उसावर उभं राहिलं. आधी सोसायटी, मग कारखान्याचं संचालकपद, चेअरमनकी, जिल्हा परिषद, मग आमदारकी, अशी ती शिडी. कारखान्याच्या गटात ऊस घालणारा शेतकरी, तोडीची तारीख ठरवणारा संचालक आणि मत मागणारा उमेदवार एकाच साखळीत बांधलेले असतात. सांगोल्यात ही साखळी तशी जुळलीच नाही. उसाला पाणी हवं, आणि पाणी नव्हतं. इथे ज्वारी-बाजरी होती, मेंढरं होती, रविवारचा जनावरांचा बाजार होता. पोट भरायला बाहेर पडणारी माणसं होती. शेजारच्या आटपाडी-खानापूर पट्ट्यासारखीच इथलीही कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली.

माझ्या मते गणपतरावांच्या टिकून राहण्याचं पहिलं कारण इथेच आहे, आणि त्याचा त्यांच्या साधेपणाशी फारसा संबंध नाही. माणसाला बांधून ठेवणारी साखरेची यंत्रणा नसलेल्या तालुक्यात मतदार जास्त मोकळा असतो. तो कुणाचाही होऊ शकतो. म्हणजे तो शेतकरी कामगार पक्षाचाही (शेकापचाही) होऊ शकतो.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीचं शिक्षण घेतलेले. शेतकरी कामगार पक्ष १९४७ साली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या मंडळींनी उभा केला. शेतकऱ्यांचा, डाव्या विचाराचा, लाल बावट्याचा पक्ष. जेध्यांसकट पुष्कळ जण पुढे काँग्रेसमध्ये परतले. उरले त्यांचे बालेकिल्ले आक्रसत गेले. विधानसभेतले पक्षाचे आकडेच बघा: १९६७ साली १९ आमदार, १९७८ साली १३, १९९९ साली ५, २०१४ साली ३. पक्षाची संख्या उतरत होती आणि सांगोला जिथल्या तिथे होता.

अकरा विजयांचा हिशेब असा: १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. पराभव दोनच. १९७२ साली इंदिरा लाटेत काँग्रेसचे २२२ आमदार आले आणि शेकाप सातवर घसरला, तेव्हा ते पडले. दोन वर्षांत पोटनिवडणूक जिंकून परत आले. दुसऱ्यांदा १९९५ साली शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. दोन्ही पराभवांचा काळ वजा केला तर सभागृहातली त्यांची वर्षं पन्नासएक भरतात. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते आत गेले आणि देवेंद्र फडणवीसांच्या पहिल्या कारकिर्दीनंतर बाहेर पडले. मधल्या मुख्यमंत्र्यांपैकी मनोहर जोशी आणि नारायण राणे यांचीच कारकीर्द त्यांनी सभागृहाबाहेरून पाहिली. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम त्यांचा, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. केरळात पाला मतदारसंघानं के. एम. मणी यांना तेरा वेळा निवडून दिलं होतं. मुलांच्या प्रकल्पात हे वाक्य आलं की मी तांबड्या शाईनं खोडतो. अकरा हा आकडा स्वतःच्या पायावर उभा राहण्याइतका मोठा आहे.

आता मंत्रिपद. पहिलं शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात. ते सरकार जुलै १९७८ मध्ये आलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. दुसरं ऑक्टोबर १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. तिथे काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या जोडीला लहान पक्षांची गरज होती आणि शेकापचे पाच आमदार मोलाचे होते. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेतल्या भांडणावरून पक्षानं पाठिंबा काढला आणि मंत्रिपदही गेलं. सांगोल्याच्या माणसाचं मंत्रिपद अलिबागच्या राजकारणापायी गेलं, हे इथे आवर्जून लक्षात घ्यावं. पक्षाची शिस्त पाळणाऱ्या नेत्याच्या तालुक्याला ती शिस्त अशीही भोवते. दोन्ही कारकिर्दी मिळून चार वर्षांच्या आसपास. यात १९७७-७८ मधलं थोड्या महिन्यांचं विरोधी पक्षनेतेपद धरलं तरी हिशेब फारसा बदलत नाही. पन्नासातली उरलेली सेहेचाळीस वर्षं हा माणूस लाल दिव्याविना काम करत होता. काय काम?

याचं सर्वांत चांगलं उत्तर रोजगार हमीत सापडतं. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर गेली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असं त्या कायद्यात लिहिलेलं होतं. माझ्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात या योजनेसाठीच बसवला गेला, हे आजच्या मुलांना सांगितलं की ती चकित होतात. पण कायद्यात लिहिलेलं काम आपोआप निघत नाही. मागणीचे अर्ज भरून घ्यावे लागतात. तहसीलदाराच्या टेबलावर ते पोचले की नाही बघावं लागतं. मस्टरवर नावं चढली का, माप बरोबर घेतलं का, पगार आठवड्याचा आठवड्याला झाला का, यामागे कुणीतरी हिंडावं लागतं. विरोधी बाकावरच्या आमदाराला निधी खेचून आणता येत नाही, पण हक्काची अंमलबजावणी करून घेता येते. शेकापचे कार्यकर्ते नेमके याच कामाचे होते. मोर्चा, अर्ज, तहसील, पुन्हा मोर्चा. सत्तेच्या कृपेवर चालणाऱ्या योजनेत असा आमदार लंगडा पडतो आणि कायद्यानं दिलेल्या हक्काच्या योजनेत तो मंत्र्याच्याही पुढे जातो. माझं हे म्हणणं वर्गात दर वर्षी कुणीतरी खोडायला बघतं. अजून तरी मला ते पटवून कुणी मागे घ्यायला लावलेलं नाही.

१९९० साली याच रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणण्यापासून रोपं आणि पहिल्या वर्षांच्या देखभालीपर्यंतचा खर्च सरकारचा. माझे मामा सांगोला तालुक्यातले. त्यांच्या आठ एकर माळरानात तोवर पावसाळी मटकी आणि बाजरी यांखेरीज काही उगवलं नव्हतं. त्यांनी आधी बोरं लावली, मग डाळिंबाचा गणेश वाण, आणि पुढे राहुरी कृषी विद्यापीठाचा भगवा आल्यावर भगवा. डाळिंब हे सांगोल्याला देवानं दिलेलं पीक आहे असं मामा म्हणत. कमी पाणी, हलकी मुरमाड जमीन, कोरडी हवा, सगळं त्याला मानवणारं. पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं, मृग धरायचा की हस्त की आंबे बहार, हे ठरवणारा शेतकरी जुगार खेळत नसतो. तो आभाळाचा हिशेब करत असतो. लहानपणी मी पाहिलेलं मामांचं पत्र्याचं घर आणि नंतरचं स्लॅबचं घर यांच्या मध्ये डाळिंबाचे दहा-बारा हंगाम आहेत.

या सगळ्याचं श्रेय एका माणसाला देता येणार नाही. योजना राज्याची होती, वाण विद्यापीठाचा होता आणि घाम शेतकऱ्याचा होता. पण फळबागेचं प्रकरण मंजूर करून घ्यायला तालुक्याच्या गावी गेलेल्या माणसाला तिथे कुणाला भेटायचं हे माहीत असायचं आणि तिथे चहा देऊन परत पाठवत नसत, एवढं मामांकडून मी अनेकदा ऐकलं आहे. पुढे तेल्या आला, पानांवर आणि फळांवर काळे तेलकट डाग पाडत बागा बसवत गेला. मामांची निम्मी बाग त्यात गेली. २००५ मध्ये सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे सुटली. रोजगार हमीच्या खडीवर बसून दगड फोडलेल्या बायांच्या तालुक्यातून फळांची रेल्वे निघाली. त्या दिवशी मामांनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता, आणि माझाही.

सूत गिरणीविषयी थोडक्यात. कारखान्याच्या जिल्ह्यात सांगोल्याची ओळख शेतकरी सहकारी सूत गिरणीनं झाली, हे वेगळेपण आहेच. सहकारी गिरण्या राज्यभर आजारी पडत असताना ही चालत राहिली म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची ८१ गावांची प्रादेशिक योजना झाली. इतक्या मोठ्या प्रादेशिक योजना वीजबिल आणि गळतीपायी बंद पडलेल्या आपण सगळीकडे बघतो. ही दीर्घकाळ चालली.

आता त्या टाळल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येतो: शेतीचं पाणी.

सांगोल्याला पाणी मिळू शकतं ते तीन बाजूंनी. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट, उजनीतून भीमेचं, आणि कृष्णेचं उचललेलं पाणी, म्हणजे टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना. तिन्ही ठिकाणी सांगोला शेवटी येतो. कालव्याच्या टेलला बसलेल्या शेतकऱ्याला विचारा शेवटी असणं म्हणजे काय. वरच्या तालुक्यात ऊस उभा असतो, वरचे फाटे फुटतात, रात्री दारं उचलली जातात, पाटकरी हतबल असतो, आणि पाळी टेलपर्यंत पोचेस्तोवर कालव्यात ओल तेवढी उरते. वरच्या तालुक्यांचे आमदार सत्तेत असतात आणि टेलचा आमदार विरोधात. पाणीवाटपाच्या बैठकीत तत्त्वाचं बोलणारा एक जण असतो, आणि मंत्रालयात फोन लावू शकणारे चार.

गणपतरावांनी यावर निवडलेला मार्ग संघर्षाचा होता. १९९३ साली क्रांतिवीर डॉ. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतले तेरा तालुके तिच्यात आले. अण्णा, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही तिची ठळक नावं. मागणी नुसतं पाणी द्या अशी नव्हती, पाणी समन्यायी वाटा अशी होती: नदीकाठच्या उसाला मोजमाप नाही आणि माळावरच्या ज्वारीला थेंब नाही, हे चालणार नाही. वर्षानुवर्षं त्या परिषदा भरत राहिल्या. एवढ्या चिकाटीनं चाललेलं पाण्याचं दुसरं आंदोलन मला तरी पश्चिम महाराष्ट्रात दिसत नाही.

पण टेंभूला गती मिळाली ती कशामुळे? बच्छावत लवादानं कृष्णेतलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं होतं आणि ते वापरण्याची कामं उभी करायला ३१ मे २००० ही मुदत डोक्यावर होती. १९९६ साली युती सरकारनं महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, कर्जरोखे उभारले आणि टेंभूलाही त्याच सुमाराला मान्यता मिळाली. गणपतराव तेव्हा विधानसभेत नव्हते. १९२ मतांनी पडून ते घरी होते. आंदोलनानं मागणी जिवंत ठेवली, हे खरं. पैसा आणि मंजुरी मात्र सत्तेकडून आली, आणि तीही ज्यांच्या राजकारणाला त्यांचा विरोध होता त्यांच्या सत्तेकडून. त्यानंतरही कराडजवळून टप्प्याटप्प्यानं उपसून चढवलेलं पाणी सांगोल्याच्या हद्दीत दिसायला कितीतरी वर्षं गेली. मधल्या काळात मामांनी तीन बोअर मारल्या, तिन्ही कोरड्या. एका उन्हाळ्यात त्यांनी टँकरनं पाणी विकत घेऊन झाडं जगवली. त्या कर्जाचे हप्ते फेडताना त्यांच्या थोरल्या मुलाचं शिक्षण सुटलं.

माझा माणसाबद्दलचा आदर या हिशेबानं कमी होत नाही. पण पक्ष बदलला असता तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं का, हा प्रश्न तालुक्यात लोक एकमेकांना विचारतात, आणि अभ्यासकानं तो दाबून ठेवू नये. माझं मत असं: बदलला असता तर एखादी पाळी, एखादा फाटा लवकर मिळाला असता. पण तेरा तालुक्यांची मागणी एका तालुक्याच्या तडजोडीत विरली असती. आटपाडी, जत, माण यांच्या वाट्याला काय आलं असतं? समन्यायी वाटप मागणारा माणूस स्वतःपुरतं पाणी घेऊन उठू शकत नाही. त्यांनी तेच केलं आणि त्याचा भार मामांसारख्या माणसांनी उचलला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांनी प्रकल्पात यातली एकच लिहिली की मी गुण कापतो.

२०१९ साली वयामुळे ते उभे राहिले नाहीत. खरा पेच तिथेच उघडा पडला. पक्षानं आधी एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. निकाल: शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी. १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ मिळवले तर ९६० होतात. एका मतदान केंद्राच्या यादीत एवढी नावं असतात. चोवीस वर्षांच्या अंतरानं एकाच प्रतिस्पर्ध्यानं एका घराला दोनदा हरवलं ते एका केंद्राएवढ्या मतांनी. यातून मला दिसतं ते असं, की तालुका कधीच एकमुखी नव्हता. जवळजवळ निम्मा सांगोला त्यांच्या विरोधात मत देत आला. अकरा विजयांच्या झगमगाटात तो निम्मा तालुका कुणाला दिसत नाही. त्या निम्म्यातही पाण्याची वाट बघणारेच होते.

आणि पन्नास वर्षांत दुसरी फळी का उभी राहिली नाही? नातवापर्यंत का जावं लागलं? घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षाला हा प्रश्न विचारायलाच हवा. मला मिळालेलं उत्तर समाधान करणारं नाही: तालुक्याचा विश्वास पक्षावर कमी आणि माणसावर जास्त होता, म्हणून त्या माणसाच्या रक्ताकडे तो वळला. कार्यकर्त्यांची एवढी घट्ट फळी असूनही असं व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं. सांगोल्यात सूत गिरणीच्या आवारात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. कोरोनाचे दिवस होते, तरी रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. राज्यभरात शेकापचे तेवढे एकच आमदार.

त्या निकालानंतर मी मामांकडे गेलो होतो. वय झालंय, बाग आता धाकटा मुलगा बघतो. बांधावर बसून बोलताना ते म्हणाले, "२०१९ ला मी आबासाहेबांना मत दिलं, आणि आता बाबासाहेबांना." मी म्हटलं, मामा, २०१९ ला आबासाहेब उभे नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला खुरपा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठाऊक आहे की." मग उठून ते चारीला पाणी आलंय का बघायला गेले.